सूड आणि शिक्षा
(पाठ : रोमकरांस पत्र, अध्याय १२ व १३)

सन १८९७ साली पुण्यात प्लेग असता सोजिरांनी घरोघर तपासणी केली. देवघराची व माजघराची मर्यादा राहिली नाही, लोक संतापले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँडसाहेब व लेफ्टनंट आयर्स्ट ह्यांस गोळ्या घातल्या. सरकारने २०,००० रुपयांचे बक्षीस लावले. द्रविड बंधूंनी खबर दिली व दामोदर चापेकर फाशी गेले. पुढे ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री, पोलिसांचे बोलावणे आहे असे सांगून, सदाशिव पेठेत द्रविडांस घराबाहेर काढून ठार करण्यात आले.

दारात आलेल्या सोजिरास घरधन्याने अडविले असते, तर त्यास आम्ही दोष दिला नसता. ते संरक्षण होय. पण जूनपर्यंत तपासण्या थांबल्या होत्या. संकट टळल्यावर उचललेले शस्त्र संरक्षणाचे कसे म्हणावे? द्रविडांच्या हाती तर शस्त्रही नव्हते. बक्षिसासाठी खबर देणे आम्हांस रुचत नाही. तरी फिर्यादी, न्यायाधीश व फाशी देणारा एकच झाला, म्हणजे आरोपीचे म्हणणे ऐकावयास कोण उरतो? बांधाच्या भांडणात आपल्या गावीही हेच घडते. बाराव्या अध्यायात पौल सूड देवाकडे सोपवितो तो ह्याचसाठी.

तेराव्या अध्यायात तो अधिकाऱ्याच्या हाती तलवार देतो, परंतु वाइटास शासन करण्यापुरतीच. चापेकरांचा न्याय न्यायासनापुढे झाला. माजघरात ज्यांचा अपमान झाला, त्यांची दाद कोणत्या न्यायासनाने घेतली? उपदेशकांनी पाठ शिकविताना हा दुसरा प्रश्न गाळू नये.