आधी डिस्क, मग दुकान

घरचा कॉम्प्युटर बंद पडला की दुरुस्तीवाल्याला फोन जातो आणि तो आल्या आल्या विचारतो, ‘फॉरमॅट मारू का?’ या प्रश्नाला लगेच हो म्हणू नका. मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस हे सगळं बाजारात पुन्हा मिळतं. डिस्कवरचे लग्नाचे फोटो, सोसायटीचे हिशेब, कोणाचं अर्धवट आत्मचरित्र मिळत नाही. म्हणून पुढचा सगळा क्रम डिस्क वाचवण्याच्या हिशेबाने लावला आहे.

सुरुवातीला काय बिघडलंय ते पाहा. बटण दाबून पंखाही फिरत नसेल, तर त्याच प्लगमध्ये टेबल लॅम्प लावून बघा, मग मॉनिटरची पॉवर केबल सीपीयूला लावून बघा. दोन्ही बहुधा सारख्याच असतात. तरीही काही हललं नाही तर संशय एसएमपीएसवर. तो डबा मात्र उघडायचा नाही. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

पंखा फिरतो पण डिस्प्ले येत नाही, हा सगळ्यात नेहमीचा आजार. मॉनिटरची केबल तपासून झाली की प्लग काढा, पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा आणि रॅम बाहेर काढा. तिच्या सोनेरी पिनांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका आणि पट्टी खटका बसेपर्यंत परत दाबा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. दमट हवेत पिनांवर थर चढतो. पावसाळ्यानंतर या खोडरबराने बरेच कॉम्प्युटर उठून बसतात. आणि कॉम्प्युटर चालू होतोय, पण दरवेळी तारीख कित्येक वर्षं मागे जातेय, बँकेची साइट सुरक्षित नसल्याचं सांगून उघडत नाही, तर बोर्डावरचा सीआर २०३२ सेल बदला. घड्याळाच्या दुकानातही तो मिळतो.

एवढ्याने भागलं नाही तर डिस्क बाहेर काढा. ती टक-टक आवाज करत असेल तर चालू-बंद करून बघण्याचा मोह आवरा. प्रत्येक वेळी चालू केली की नुकसान वाढतं, आणि तिथून पुढचं काम डेटा रिकव्हरीवाल्याचं आहे. आवाज नसेल तर साटा-टू-यूएसबी कन्व्हर्टर आणून ती नातेवाइकाच्या लॅपटॉपला जोडा. लॅपटॉपमधली अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते, डेस्कटॉपमधल्या साडेतीन इंचीला वेगळा बारा व्होल्टचा अडॅप्टर लागतो. घेताना दुकानदाराला हे आधी सांगा. काडीसारखी एम डॉट टू एसएसडी असेल तर तिची केसही वेगळी. जोडल्यावर डिस्कने बिटलॉकरची रिकव्हरी की मागितली तर ती बहुतेक तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडेल.

कॉपी करताना लोक डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स घेतात आणि डेस्कटॉप, डाउनलोड्स विसरतात. यूजर्समधलं आपल्या नावाचं सगळंच फोल्डर उचलणं बरं. टॅलीचा डेटा, आउटलुकची पीएसटी फाइल या कधी कधी भलतीकडे असतात, त्या शोधा. मराठी घरात आणखी एक गोष्ट हमखास राहते: फॉन्ट. युनिकोड येण्यापूर्वी श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली नव्या कॉम्प्युटरवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा नुसता गोंधळ दिसतो. मजकूर गेलेला नसतो, फॉन्ट नसतो. जुन्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते आत्ताच उचला, पुढे शोधायला गेलात तर त्याच जातीचा मिळेलच असं नाही.

आता दुरुस्ती की नवा? रॅम, एसएमपीएस किंवा डिस्क गेली असेल तर दुरुस्ती करा. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली की जुना कॉम्प्युटरही चटपटीत होतो. जुन्या पिढीचा मदरबोर्ड गेला असेल तर पैसे घालू नका. तसा नवा बोर्ड सहसा मिळत नाही, आणि आजच्या बोर्डात डीडीआर ३ रॅम बसत नाही. शिवाय विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० व इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. फक्त ब्राउझर आणि ईमेल एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट टाकून बघायला हरकत नाही.

नवा असेंबल्ड घेणार असाल, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावच्या दुकानात, तर कोटेशन पार्टनिहाय आणि मॉडेल नंबरसह लिहून मागा. ‘आय फाइव्ह, आठ जीबी, चांगला एसएमपीएस’ एवढ्यावर सौदा करू नका. ‘चांगला’ या शब्दातच दुकानदाराची बचत असते. एसएमपीएसवर ८० प्लस लिहिलेलं असावं. माझ्या मते आज सोळा जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडीच्या खाली जाऊ नये, प्रोसेसर एक पायरी कमी चालेल. बिल जीएसटीचं आणि प्रत्येक पार्टच्या सीरियल नंबरसकट घ्या. वॉरंटी पार्टनुसार वेगवेगळी असते आणि दावा करताना हेच बिल लागतं. विंडोज ‘टाकून देतो’ म्हणाले तर लायसन्सचं विचारा. जुना मॉनिटर ठेवायचा असेल तर त्याचं पोर्ट बघून जा: फक्त व्हीजीए असेल तर एचडीएमआयवरून व्हीजीएचा कन्व्हर्टर लागेल. जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर विंडोज ११साठी आहे का, तेही पैसे देण्याआधी बघा.

जुनी डिस्क लगेच कोणाला देऊ नका. दोन-तीन महिने कपाटात राहू दे, काय राहिलं ते तोवर कळतं. हार्ड डिस्क विकायची झाली तर क्विक फॉरमॅट पुरत नाही, त्याने फाइली खरं तर तिथेच राहतात. ‘क्विक’वरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, रात्रभर चालला तरी चालू दे. बाकीचा सांगाडा भंगारवाल्याऐवजी अधिकृत ई-कचरा संकलनाकडे द्या. तांबं काढायला वायरी जाळल्या की तो धूर कोणाच्या तरी छातीत जातो.