पाहुण्यांची गळाची मासेमारी : वारा वाढल्यास काय करावे?

पर्यटकांना लहान होडीतून गळाच्या मासेमारीस नेणे हा कोकणातील किनाऱ्यावरील कुटुंबांना चांगला जोडधंदा आहे. त्यात सर्वाधिक धोका परतताना खाडीच्या मुखाशी असतो. देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, तेथे असे मुख आहे. मुखाशी साचलेला वाळूचा दांडा पावसाळ्यानंतर जागा बदलतो. ओहोटीचे पाणी बाहेर जात असताना समुद्राकडून लाटा आल्या, की त्या उभ्या होऊन दांड्यावर फुटतात. अशा लाटेत होडी आडवी झाल्यास उलटते. म्हणून पुढील काळजी घ्यावी.

१) निघण्यापूर्वी हवामान खात्याचा सागरी अंदाज पाहावा. इशारा असल्यास फेरी रद्द करून आगाऊ रक्कम परत द्यावी.

२) उन्हाळ्यात दुपारनंतर वारा वाढतो, त्यापूर्वी परतावे. परतीची वेळ भरतीत धरावी. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाहाला जोर अधिक असतो.

३) प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट घालूनच होडीत बसवावे.

४) वारा वाढताच गळ गुंडाळावेत, पाहुण्यांना खाली बसवावे व होडीची नाळ लाटेकडे ठेवावी. इंजिन बंद पडल्यास नांगर नाळेवरूनच टाकावा. मागून टाकल्यास लाट आत येते.

५) ओहोटी लागली असल्यास मुखाबाहेर खोल पाण्यात भरतीची वाट पाहावी. संकटात तटरक्षक दलाच्या १५५४ क्रमांकावर कळवावे.

जिताडा गळाला लागला असला तरी तांडेल सांगेल तेव्हा परत फिरायचे, हे पाहुण्यांना किनाऱ्यावरच स्पष्ट सांगावे.