मुलगा मोठा कधी होणार?

प्रश्न : माझा मुलगा २२ वर्षांचा आहे. नोकरी करतो, रविवारी चर्चला येतो. पण घरातली कसलीच जबाबदारी घेत नाही, काही बोललं की भडकतो. यांचं म्हणणं, लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल. पवित्र शास्त्र काय सांगतं?
– एक आई, वसई

उत्तर : लग्नाची घाई नको, त्यात भरडली जाते ती सून. पौलाने क्रेतातल्या तीताला लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय वाचा. म्हातारे, म्हाताऱ्या, तरुण स्त्रिया यांच्यासाठी बऱ्याच सूचना आहेत. तरुणांसाठी मात्र एकच, मनावर ताबा ठेवा. आणि लगेच तीताला बजावलंय, तू स्वतः कित्ता घालून दे. म्हणजे निम्मं काम मोठ्या पुरुषांचंच! बाराव्या वर्षी मंदिरात गुरुजनांशी चर्चा करणारा येशूही नंतर नासरेथला परतून आईबापांच्या आज्ञेत राहिला, असं लूक सांगतो.

तेव्हा आधी त्याच्या बाबांना पुढे करा. घरचं वीजबिल, आजीचा दवाखाना मुलाकडे पूर्ण सोपवा. चुकला तरी तुम्ही धावून जाऊ नका. भडकला तर विषय संध्याकाळपर्यंत बाजूला ठेवा, सोडू मात्र नका.