हिऱ्याला रंग कोठून येतो?

शहाडहून कसाऱ्याकडे जाणारा लोहमार्ग घाट चढून नाशिकला पोहोचतो. त्या नाशिकच्या नावाने जगभर ओळखला जाणारा एक हिरा आहे. त्र्यंबकेश्वरच्या मंदिराशी ज्याचा संबंध सांगितला जातो असा हा हिरा १८१८ साली पेशवाईच्या पाडावात इंग्रजांच्या हाती पडला व लंडनला गेला. पुन्हा पुन्हा पैलू पाडले जाऊन त्याचे वजन ४३.३८ कॅरट उरले आहे. तो जवळजवळ रंगहीन आहे. गोवळकोंड्याच्या खाणींतूनच गेलेला मानला जाणारा ‘होप’ हिरा मात्र गडद निळा, ४५.५२ कॅरटचा हा हिरा १९५८ पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. एकाच भूमीतल्या दोन दगडांत हा भेद का पडावा?

हिरा म्हणजे कार्बन. त्यातील प्रत्येक अणू शेजारच्या चार अणूंशी घट्ट बांधलेला असतो. ही जाळी निर्दोष असेल तर प्रकाश आरपार जातो आणि रंग दिसत नाही. रंग उपजतो तो त्यात उणे-अधिक झाल्यावर. नायट्रोजनचे सुटे अणू निळा प्रकाश शोषतात, म्हणून हिरा पिवळा दिसतो. ‘होप’च्या निळाईमागे बोरॉन आहे. दहा लाख कार्बन अणूंमागे एखादाच बोरॉन अणू असला तरी हिरा निळा होऊ शकतो, शिवाय त्यातून वीजही वाहू लागते. अतिनील प्रकाश दाखवून दिवा विझवला, की ‘होप’ काही क्षण निखाऱ्यासारखा तांबडा चमकत राहतो!

हिरवा रंग बहुधा खडकांतील किरणोत्सारामुळे येतो. कार्बनचे अणू जागेवरून उडतात आणि रिकाम्या जागा उरतात. गुलाबी हिऱ्यात तर बाहेरचे काहीच लागत नाही. भूगर्भातील दाबाने जाळी किंचित सरकलेली असते, एवढेच.

‘शुक्राचे रत्न’ म्हणून हिरा किंवा त्याच्याऐवजी एखादा खडा घालण्याचा सल्ला आजही दिला जातो, आणि मुलांच्या शिक्षणाचा पैसा अंगठीत अडकतो. हेतू-प्रत्ययांवाचून काही उत्पन्न होत नाही, ही तथागतांची शिकवण आपण विहारात ऐकतो. हिऱ्याच्या रंगाचे हेतू वर सांगितले. त्यांत शुक्र कोठेही नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. किरणोत्सार आणि उष्णता वापरून फिकट हिऱ्यावर आता कृत्रिम रंगही आणता येतो. तो नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कठीण असते. म्हणून रंगीत हिरा घेणाऱ्याने दुकानदाराच्या शब्दावर न जाता प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे.