चॉसर आणि महीपती : कथा कोणाच्या मुखी?

जेफ्री चॉसर (सुमारे १३४३–१४००) याच्या ‘कँटरबरी टेल्स’चा विषय निघाला की मराठी अभ्यासकास पंढरीची वारी आठवते आणि तिच्यामागोमाग संतचरित्रकार महीपती (१७१५–१७९०). साम्येही सापडतात. चॉसर लंडन बंदरात लोकरीच्या जकातीवर अधिकारी होता, महीपती ताहराबादचा कुलकर्णी. दोघांचीही लेखणी दप्तरात झिजलेली. चॉसरचा ग्रंथ अपूर्ण राहिला, तसा महीपतीचा ‘संतविजय’ही. पण एवढ्यावरून महीपतीस ‘मराठीचा चॉसर’ म्हणणे हा उतावळेपणा होय. तुलना करावयाची ती अपूर्णतेची नव्हे, निवेदकाची.

साउथवर्क येथील टॅबर्ड सराईत सुमारे तीस यात्रेकरू जमतात. सराईचा मालक सुचवतो, की प्रत्येकाने जाताना दोन व परतताना दोन कथा सांगाव्यात. या हिशेबाने सव्वाशेच्या आसपास कथा व्हावयास हव्या होत्या; आहेत चोवीस, त्यांतल्याही काही अर्धवट. मात्र या कथांचे मर्म त्यांच्या सांगणाऱ्यांत आहे. सरदाराची कथा संपताच मालक मठवासी साधूस पाचारण करतो, तर दारू प्यालेला गिरणीवालाच मध्ये घुसतो. त्याच्या कथेत सुताराची फजिती होते. एकेकाळी सुतारकी केलेला कारभारी त्यामुळे डिवचला जातो आणि गिरणीवाल्याची खोड मोडणारी कथा सांगतो. बाथची बाई तर आपल्या पाच नवऱ्यांची हकीकत मूळ कथेच्या दुपटीने लांबवते!

‘भक्तविजया’च्या (१७६२) सत्तावन्न अध्यायांतील माणसांचा मेळा याहून लहान नाही. गोरा कुंभार, चोखामेळा, जनाबाई, कबीर, नरसी मेहता – सारे तेथे भेटतात. परंतु त्यांच्या कथा एकटा महीपतीच सांगतो, आणि तोही त्यांवर आपला हक्क सांगत नाही. नाभाजी व उद्धवचिद्घन यांचे ऋण मोकळेपणाने मानतो. गोरा कुंभाराच्या कथेवर चिडून दुसरा कोणी भक्त उठत नाही.

मग मराठी यात्रेकरू स्वतःविषयी बोललाच नाही काय? बोलला, पण अभंगात. चोखामेळ्याची व्यथा आणि जनाबाईची सलगी त्यांच्याच ‘मी’मधून आली आहे. त्यांचे चरित्र मात्र कित्येक शतकांनी दुसऱ्याने लिहिले. चॉसरने जे एकाच ग्रंथात गुंफले, ते आपल्याकडे दोन रचनाप्रकारांत विभागले गेले. बेंगळूरच्या वाचकास हे नवे वाटणार नाही: अक्कमहादेवीची वचने तिची स्वतःची, तिची कथा सांगणारी ‘रगळे’ हरिहराची.

ही उणीव मानावी काय? माझ्या मते नाही. मात्र ‘भक्तविजया’तील जनाबाई वाचताना तिचे अभंग शेजारी उघडे असावेत. महीपतीची जनाबाई देवाच्या कृपेने कृतार्थ झालेली आहे. अभंगांतली जनाबाई त्याच देवाशी भांडतेही.