इटलीतील पोर्सेलिनची कहाणी

मडक्यातले पाणी पाझरते, म्हणूनच ते गार राहते. चिनी मातीच्या कपातून मात्र चहा पाझरत नाही. दोन्ही वस्तू मातीच्याच, मग हा फरक का? कपावर झिलई असते म्हणून, असे तुम्ही म्हणाल. पण उत्तम पोर्सेलिन झिलईवाचूनही पाणी शोषत नाही! यामागचे रहस्य उलगडायला युरोपातील कारागिरांना फार काळ लागला. त्यात इटलीची कहाणी मोठी बोधप्रद आहे.

फ्लॉरेन्सचा प्रयत्न

सोळाव्या शतकात चीनहून येणारी निळ्या नक्षीची शुभ्र ताटे युरोपात अत्यंत मौल्यवान समजली जात. तस्कनीचा ग्रँड ड्यूक फ्रान्चेस्को मेदिची याने १५७५ च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये तशी भांडी बनविण्याची खटपट सुरू केली. पोर्सेलिनमधून उजेड दिसतो, तेव्हा त्यात काच असलीच पाहिजे, असा त्या काळी समज होता. त्याच्या कारागिरांनी पांढऱ्या मातीत काचेचे घटक मिसळले. भांडी सुंदर झाली, पण काच तापली की मऊ पडते. त्यामुळे कित्येक भांडी भट्टीत वाकली. १५८७ मध्ये ड्यूक वारला आणि थोड्याच काळात हा उद्योग थांबला. त्यांतील सुमारे ६० ते ७० भांडीच आज शिल्लक आहेत.

भट्टीत काय घडते?

खऱ्या पोर्सेलिनमध्ये केओलिन ही पांढरी माती, फेल्स्पार आणि क्वार्ट्झ (गारगोटी) असतात. भट्टीचे तापमान सुमारे १,३०० ते १,४०० अंश सेल्सियसपर्यंत नेतात. फेल्स्पार वितळून त्याचा काचरस होतो व तो मातीच्या कणांमधील छिद्रे बुजवतो. त्याच वेळी केओलिनपासून म्युलाइटचे सुईसारखे स्फटिक तयार होतात. काँक्रीटमधील सळयांप्रमाणे ते भांड्याला आधार देतात. छिद्रे बुजल्यामुळे भांडे आकसते. म्हणून कच्चे ताट मुद्दाम मोठे घडवावे लागते.

म्हणजे फ्लॉरेन्सचा तर्क अर्धा बरोबर होता! पोर्सेलिनमध्ये काच असते. पण ती भट्टीतच तयार होते आणि तिला स्फटिकांचा सांगाडा लागतो.

जर्मनीतील माइसेन येथे १७१० मध्ये पोर्सेलिनचा कारखाना निघाला. पुढे १७३५ मध्ये कार्लो जिनोरी याने फ्लॉरेन्सजवळ दोच्चा येथे कारखाना काढला. जिनोरीची ताटे आजही मेजवान्यांत दिसतात. कोबाल्टचा निळा रंग प्रखर उष्णता सोसतो, म्हणून तो झिलईखाली देता येतो. सोनेरी कड मात्र झिलईवर रंगवून शेवटी कमी उष्णतेवर भाजतात. त्यामुळे ती घासून झिजते. शिवाय ती धातूची असल्याने असे ताट मायक्रोवेव्ह भट्टीत ठेवू नये, ठिणग्या उडतात.

करून पाहा

घरातील कप उलटा करा. बुडाच्या कडेवर बहुधा झिलई नसते. तेथे पाण्याचा थेंब टाका. थेंब तसाच राहतो की मुरतो? मग पणतीच्या तुकड्यावर थेंब टाका आणि दोन्हींची तुलना करा. पातळ कप दिव्यासमोर धरून पलीकडे बोटांची सावली दिसते का, तेही पाहा. निरीक्षणे वहीत नोंदवा आणि कारणे वर्गात सांगा.