रात्रीच्या होडीला दिवा कोणता?

प्रश्न : मालवण परिसरात आमचा घरगुती निवासाचा व्यवसाय आहे. पाहुण्यांना सूर्यास्तानंतर खाडीत कयाक चालवायची हौस असते. आमच्याकडे मागे छोटं इंजिन लावलेली पाच मीटरची होडीही आहे. कयाकला लाल-हिरवे दिवे बंधनकारक आहेत का? कपाळावर बांधायची विजेरी चालेल का?
– एक वाचक, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : समुद्राला जोडलेल्या आणि समुद्रगामी नौका जिथे येऊ शकतात अशा खाडीलाही १९७२ चे आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियम लागू होतात. त्यानुसार सूर्यास्त ते सूर्योदय दिवे हवेत. धुक्यात किंवा मुसळधार पावसात दिसेनासं झालं तर दिवसाही हवेत.

कयाक वल्ह्यांनी चालते, म्हणून तिला नियम २५ लागतो. लाल-हिरवे दिवे लावण्याची मुभा आहे, सक्ती नाही. ते नसतील तर पांढऱ्या उजेडाची विजेरी हाताशी तयार हवी आणि टक्कर टळेल इतकी आधी ती दाखवायला हवी. पिशवीच्या तळाशी ठेवलेल्या विजेरीनं ही अट पूर्ण होत नाही. प्रत्येक कयाकवर ती दोरीनं अंगाला बांधलेली असू द्या.

कपाळावरची पांढरी विजेरी वापरता येईल, पण तिचा उजेड मान वळेल तिकडेच जातो. मागून येणाऱ्या ट्रॉलरच्या तांडेलाला तो दिसेलच असं नाही. तिचा लाल उजेड मात्र टाळा : लाल दिवा होडीची डावी बाजू दाखवतो, त्यामुळे समोरच्याचा गैरसमज होतो. झगझगत लुकलुकणारा दिवाही नको.

इंजिनाच्या होडीचा नियम वेगळा आहे. लांबी सात मीटरपेक्षा कमी आणि कमाल वेग सात नॉट, म्हणजे ताशी सुमारे १३ किलोमीटरपर्यंत असेल, तर चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा पुरतो. शक्य असल्यास डावीकडे लाल, उजवीकडे हिरवाही लावायचा. वेग याहून जास्त असेल तर तिन्ही दिवे अनिवार्य. पांढरा दिवा दोन सागरी मैलांवरून, बाजूचे दिवे एका सागरी मैलावरून दिसले पाहिजेत.

पाहुण्यांकडून पैसे घेत असाल तर बंदर कार्यालयाकडून परवानगी आणि रात्रीच्या फेऱ्यांच्या अटी लेखी घ्या. कयाक पाण्याला इतकी टेकलेली असते की रडारवरही ती नीट उमटत नाही. म्हणून ट्रॉलरच्या वाटेवर रात्री पाहुण्यांना नेऊच नका.